आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

पायात काटा रुतला की माणूस नेमक्या त्याच जागी बोट ठेवतो. अंधारातसुद्धा चुकत नाही. पण पोटात दुखणाऱ्या माणसाला 'कुठे दुखते, दाखवा' असे सांगून पाहा. तो बोट ठेवत नाही, तळहात ठेवतो. तोही एका जागी स्थिर ठेवत नाही. बेंबीखालून गोल फिरवतो आणि म्हणतो, 'इथे, या भागात कुठेतरी.' दवाखान्यात रोज दिसणारी ही साधी गोष्ट आहे. कातडीचा कानाकोपरा मेंदूच्या दप्तरी सर्व्हे नंबरासकट नोंदलेला असतो. आतल्या अवयवांची नोंद मात्र मोघम असते. मज्जारज्जूकडे संवेदना घेऊन येणाऱ्या तंतूंपैकी आतल्या अवयवांकडून येणारे तंतू दहात एकाहूनही कमी भरतात. इतक्या थोड्या तारांवर एवढ्या मोठ्या मुलखाचा कारभार चालवायचा, म्हणजे पत्ता थोडा इकडेतिकडे होणारच.

हा घोळ सर्वांत जास्त होतो तो ओटीपोटात. ओटी म्हणजे बेंबीखालचे पोट, आणि सवाष्णीने नारळ-तांदूळ घेण्यासाठी पुढे धरलेला पदर म्हणजेही ओटीच. आपल्या भाषेने या भागाला असे मानाचे नाव दिले. पण या भागाच्या दुखण्याबद्दल मोकळेपणाने बोलायला मात्र शिकवले नाही. कंबरेच्या हाडांच्या या वाडग्यात तीन बिऱ्हाडे दाटीवाटीने राहतात. पुढे मूत्राशय, मागे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग आणि बायकांच्या बाबतीत या दोहोंच्या मधे गर्भाशय. पुरुषांत मूत्राशयाच्या खाली प्रोस्टेट ग्रंथी असते. चाळीतल्या खोल्यांप्रमाणे यांच्या भिंती एकमेकींना लागून आहेत, हे शरीरशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यांची वायरिंगही बऱ्याच अंशी सामाईक आहे आणि त्यामुळे एका खोलीतल्या जाळाची झळ न पेटलेल्या खोलीला लागते, हे मात्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांत प्रयोगांनी स्पष्ट होत गेले.

थोडक्यात सांगायचे तर गोष्ट अशी आहे. आतड्याला किंवा गर्भाशयाच्या परिसरात दाह झाला, म्हणजे सूज येऊन तो भाग चिडला, की शेजारच्या मूत्राशयाच्या नसाही हळव्या होऊ शकतात. मूत्राशयात जंतू नसतात, खडा नसतो, जखम नसते. तरीही लघवीला वारंवार जावेसे वाटते, उन्हाळी लागल्यासारखी जळजळ होते, ओटीपोटात कळ येते. उलटही घडते. मूत्राशय चिडले की आतडे तक्रार करू लागते. मग तपासणी होते ती तक्रार करणाऱ्या अवयवाची. तो निर्दोष निघतो. आणि दुखणेकऱ्याच्या, बहुधा दुखणेकरणीच्या, पदरात शेरा पडतो: 'रिपोर्ट नॉर्मल आहेत. मनावर घेऊ नका.'

तीन फायली, एक बाई

बँकेत असताना काही वर्षे कर्मचाऱ्यांची वैद्यकीय बिले माझ्या टेबलावरून जात. बिल हा मोठा बोलका कागद असतो. एका सहकारी महिलेची बिले मला अजून आठवतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) तिच्या तीन फायली होत्या. एक पोटाच्या डॉक्टरांची, एक मूत्ररोगतज्ज्ञांची, एक स्त्रीरोगतज्ज्ञांची. पहिल्या फायलीत पोट फुगणे, मुरडा, कधी जुलाब तर कधी मलावरोध. दुसऱ्या फायलीत दर दोन-तीन महिन्यांनी लघवीची कल्चर तपासणी आणि दर वेळी 'जंतुवाढ नाही' हा निर्वाळा. तरीही प्रतिजैविकांचा एकेक कोर्स झालेलाच. तिसऱ्या फायलीत पाळीच्या वेळच्या दुखण्यावरच्या गोळ्या. शाखेत तिच्याविषयी बोलले जाई ते वेगळेच. 'बाईंना काउंटर सोडून जायची सवय आहे,' असे एका साहेबांनी चारचौघांत म्हटले होते. त्यानंतर तिने सकाळी घरून निघताना पाणी पिणेच बंद केले.

बिले तारखेवार लावल्यावर एक गोष्ट दिसे. तिन्ही फायलींतली बिले महिन्याच्या त्याच चार-सहा दिवसांभोवती गोळा होत. पण ती तारखेवार लावण्याचे काम फक्त बँकेचे होते. तिन्ही डॉक्टर आपापल्या विषयात जाणकार होते. तीन फायली एका टेबलावर उघडण्याचा प्रसंग मात्र त्यांच्यावर आला नव्हता. पुढे एका डॉक्टरीणबाईंनी तो आणला. दुर्बिणीतून तपासणी झाली तेव्हा एंडोमेट्रिऑसिस निघाला. म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर, ओटीपोटात ठिकठिकाणी वाढलेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात १९ कोटींच्या आसपास मुलीबायकांना हा विकार असतो. त्यावर उपचार सुरू झाले आणि वर्षभरात लघवीच्या तपासण्यांची बिले येईनाशी झाली. मूत्राशयावर कोणी वेगळा उपचार केला नव्हता.

एका बाईच्या बिलांवरून शास्त्र ठरत नाही, हे बँकेत उमर घालवलेल्या माणसाला कळते. पण शास्त्र काय म्हणते ते पाहिले, तर ही बिले त्यात चपखल बसतात.

चुकलेला पत्ता आणि लागलेली झळ

एका अवयवाचे दुखणे दुसरीकडे जाणवते, ही कल्पना जुनी आहे. हृदयविकाराची कळ डाव्या हातात उतरते, पित्ताशयाचा खडा उजव्या खांद्यापाशी ठणकतो, हे आता घरोघरी ठाऊक झाले आहे. लंडनच्या हेन्री हेड या डॉक्टरने १८९३ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात यावर मोठा निबंध लिहिला आणि कोणत्या अवयवाच्या आजारात कातडीचा कोणता पट्टा हळवा होतो याचे नकाशेच तयार केले. पण हा झाला नुसता चुकलेला पत्ता. हात दुखतो, तरी हाताला काहीही झालेले नसते.

ओटीपोटातली गोष्ट याच्या एक पाऊल पुढची आहे. इथे शेजारचा अवयव खरोखर बदलतो. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग इथे मायकेल पेझोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी उंदराच्या मोठ्या आतड्याला एका रसायनाने दाह केला. मूत्राशयाला हातही लावला नाही. तरी मूत्राशय अधिक वेळा आकुंचन पावू लागले. मग त्यांनी उलट केले. मूत्राशयाला दाह केला आणि आतड्यात एक छोटा फुगा हळूहळू फुगवला. एरवी ज्या दाबाची दखलही घेतली गेली नसती, त्याहून कमी दाबालाच प्रतिसाद मिळू लागला. रस्ता दुतर्फा आहे हे त्यातून दिसले.

पुढच्या वर्षी, २००६ मध्ये, फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या कॅरन बर्कली यांच्या गटाने आणखी एक धागा पकडला. त्यांनी उंदराच्या मादीचे गर्भाशय, आतडे, मूत्राशय यांपैकी एकेका अवयवाला मोहरीच्या तेलाने दाह केला. आपल्या फेसलेल्या मोहरीचा जो झणका नाकाला झोंबतो, त्याच द्रव्याचा हा प्रताप. नंतर रक्तात एक निळा रंग सोडला. ज्या अवयवाला दाह झाला आहे तिथल्या रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि तो रंग तिथे साठतो. आश्चर्य असे की ज्याला तेल लागलेच नव्हते अशा शेजारच्या अवयवातही रंग उतरल्याचे आढळले. मादीच्या ऋतुचक्राच्या दिवसांप्रमाणे हा परिणाम कमी-जास्त होत होता. आणि ओटीपोटातून वर जाणारी एक विशिष्ट नस आधीच कापून टाकली, तर ही शेजारची झळ लागेनाशी होत होती. म्हणजे निरोप नसेच्या वाटेने जात होता.

निरोप जातो कसा?

हा निरोप तीन ठिकाणी वाट बदलतो, असे आज मानले जाते.

पहिले ठिकाण कण्याच्या लगत आहे. मणक्यांच्या फटींपाशी चेतापेशींचे छोटे छोटे गुच्छ असतात. अवयवांकडून येणारे तंतू या पेशींचेच हातपाय होत. बहुतेक पेशींचा तंतू एकाच अवयवाकडे जातो. पण काही थोड्या पेशींच्या तंतूला फाटा फुटलेला असतो. एक फाटा मूत्राशयाकडे, दुसरा आतड्याकडे. हे शोधायची युक्ती मोठी सुरेख आहे. प्राण्याच्या मूत्राशयात एक रंगद्रव्य टोचतात, आतड्यात दुसऱ्या रंगाचे. ती द्रव्ये तंतूंमधून उलट वर चढतात. काही दिवसांनी ते गुच्छ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की काही पेशींत दोन्ही रंग एकदम दिसतात.

अशा पेशीला आतड्याकडून चिडीचा संदेश आला की तो वर मज्जारज्जूकडे जातोच, पण फाट्यापाशी वळून दुसऱ्या शाखेतून खाली मूत्राशयाकडेही उतरू शकतो. तिथल्या टोकांतून मग काही द्रव्ये बाहेर पडतात. त्यांतले एक १९३१ मध्ये फॉन ऑयलर आणि गॅडम यांनी शोधलेले 'सबस्टन्स पी'. या द्रव्यांनी रक्तवाहिन्या सैलावतात, पाझरतात आणि मास्ट पेशी जाग्या होतात. अंगावर पित्त उठते तेव्हा खाज आणणारे हिस्टामिन सोडणाऱ्या पेशी त्या याच. जंतू नाही, इजा नाही, तरीही अवयव सुजतो तो असा.

इथे आपल्या मिरचीचाही संबंध येतो. ठेचा वाटताना हाताची आग होते, कारण मिरचीतले कॅप्सेसिन हे द्रव्य नसांच्या टोकांवरच्या एका विशिष्ट कुलपात किल्लीसारखे बसते. हे कूलप डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधून काढले आणि २०२१ मध्ये त्यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. तीच कुलपे मूत्राशयाच्या आणि आतड्याच्या नसांवरही आहेत. पिट्सबर्गच्या त्याच गटाने पुढे असे दाखवले की, कॅप्सेसिनचा मारा करून उंदरांच्या या नसांतला द्रव्यांचा साठा आधीच रिता केला, तर आतड्याच्या दाहाने मूत्राशय चिडण्याचे प्रमाण घटते.

निरोप बदलण्याचे दुसरे ठिकाण म्हणजे मज्जारज्जू. जुन्या वाचकांना बँकांचे क्लिअरिंग हाउस आठवत असेल. सगळ्या शाखांचे चेक एका टेबलावर येत आणि तिथला माणूस ते वेगळे करी. मज्जारज्जूत आतडे, मूत्राशय आणि गर्भाशय यांच्याकडून येणारे संदेश अनेकदा एकाच पेशीच्या टेबलावर पडतात. एका शाखेने रोज गठ्ठ्यावर गठ्ठे आदळायला सुरुवात केली, की तो टेबलावरचा माणूस इतका त्रस्त होतो की दुसऱ्या शाखेची साधी चिठ्ठीही त्याला तातडीची वाटू लागते. सतत येणाऱ्या वेदनेने मज्जारज्जूच्या पेशी स्वतःच तिखट होतात, हे क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिले होते. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. एरवी ते निम्मे भरेपर्यंत आपल्याला त्याची आठवणही होत नाही. पण टेबलावरचा माणूस असा बिथरलेला असला, की थोड्याशा लघवीलाही 'आता थांबवत नाही' असा सांगावा वर जातो.

तिसरे ठिकाण मेंदू. वरून खाली येणाऱ्या नसांच्या मार्फत मेंदू वेदनेचा आवाज लहान-मोठा करत असतो. झोप नसली, भीती असली, सततचा ताण असला की आवाज कमी करण्याची ही व्यवस्था कमजोर पडते. 'हे मनाचे दुखणे' असे म्हणणाऱ्यांना इथे आधार सापडल्यासारखा वाटेल. पण बोलणे नीट समजून घ्यायला हवे. ताणाने वेदना वाढते हे खरे. ताणाने ती कल्पनेतून जन्माला येते असे नव्हे. वेदनेने झोप जाते, झोप गेली की वेदना वाढते, आणि कोणी विश्वास ठेवत नाही म्हटल्यावर दोन्ही वाढतात.

अशी घोटाळ्याची रचना निसर्गाने केलीच कशाला, असा प्रश्न पडेल. ती मुळात सोय आहे. मूत्राशय आणि आतडे यांनी एकमेकांची वेळ सांभाळून रिकामे व्हायचे असते. बाळंतपणात तर साऱ्या ओटीपोटाने एका तालावर काम करायचे असते. शेजाऱ्यांना एकमेकांची खबर असल्यावाचून हे जमणार नाही. रोजच्या व्यवहारात उपयोगी पडणारी ही तार, आग लागली की धूर पसरवते, इतकेच.

माणसांत काय दिसते?

उंदरांचे झाले, माणसांचे काय? इटलीतल्या किएती इथल्या मारिया अडेले जांबेरार्दिनो यांनी २०१० मध्ये 'पेन' या नियतकालिकात दोन-दोन अवयवांचे आजार एकदम असलेल्या रुग्णांचा अभ्यास मांडला. काही बायकांना पाळीची तीव्र वेदना आणि इरिटेबल बॉवेल, म्हणजे चिडखोर आतडे, असे दोन्ही त्रास होते. काहींना पाळीची वेदना आणि मूतखडा. ज्यांना एकच त्रास होता त्यांच्यापेक्षा या दुहेरी त्रासाच्या बायकांना दोन्ही दुखणी अधिक जोरात छळत होती. खरी मौज पुढे आहे. पाळीच्या दुखण्यावर हार्मोनचे उपचार केले, तर आतड्याचे दुखणेही उतरले. मूतखडा फोडला, तर पाळीची कळही कमी झाली. औषध एका बिऱ्हाडाला दिले आणि गुण दुसऱ्यालाही आला.

मुलांच्या बाबतीत याच शेजाराचे एक घरगुती उदाहरण आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या वेरा लोनिंग-बाउके यांनी १९९७ मध्ये जुनाट मलावरोधाच्या २३४ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या बऱ्याच मुलांची लघवी दिवसा किंवा रात्री नकळत होत असे. उपचार केला तो फक्त मलावरोधावर. पोट साफ होऊ लागल्यावर दिवसा ओले होणाऱ्यांपैकी ८९ टक्के आणि रात्री अंथरूण ओले करणाऱ्यांपैकी ६३ टक्के मुलांचा तो त्रास थांबला. यात भरलेल्या आतड्याचा मूत्राशयावर पडणारा सरळ दाबही आहे, सारेच काम नसांचे नाही. पण अंथरूण ओले केले म्हणून मार खाणाऱ्या किती मुलांचे पोट साफ होते का, असे कोणी विचारले असेल?

पुरुषही यातून सुटलेले नाहीत. प्रोस्टेटच्या भागातले दीर्घकाळचे दुखणे आणि त्याच्या जोडीला लघवीची वा पोटाची तक्रार अनेक पुरुषांना असते. ते बोलत नाहीत इतकेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००८ मध्ये ओटीपोटाच्या जुनाट वेदनेच्या अभ्यासासाठी अनेक विद्यापीठांची मिळून एक साखळी उभी केली, ती स्त्रिया आणि पुरुष दोघांसाठी होती. तिचा पायाच असा, की या दुखण्याकडे एका अवयवाचे म्हणून न पाहता सबंध माणसाचे म्हणून पाहायचे.

आपल्या दाराशी

हे सारे परदेशातले वाटत असेल, तर गडचिरोलीकडे पाहू. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी किमान एक विकार होता. एकेका बाईमागे सरासरी ३.६ विकार होते. आणि त्याआधी कधीतरी तपासणी करून घेतलेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. या आकड्यांनी तेव्हा जगाचे लक्ष वेधले. आजच्या विषयाच्या उजेडात ते पुन्हा वाचले, तर आणखी एक प्रश्न उभा राहतो. ज्या ओटीपोटात वर्षानुवर्षे असा दाह धुमसत असेल, तिथल्या शेजारपाजारच्या नसांचे काय होत असेल? कंबर दुखते, लघवीला जळजळते, पोट बिघडते, अशा ज्या तक्रारींना आपण 'बायकांचे नेहमीचेच' म्हणतो, त्यांतल्या किती या धुमसण्याच्या असतील?

आणि बीड. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. याची मुळे उचल, खाडा, पालावरचे जिणे, पाण्याचा आणि संडासाचा अभाव, लहान वयातली लग्ने यांत आहेत. नसांच्या शास्त्राने त्या सामाजिक पापाचा हिशेब होणार नाही. पण आपल्या विषयापुरते एवढे सांगता येते. 'ओटीपोट दुखते, पिशवी काढून टाका' हा उपाय जितका झटपट वाटतो तितका खात्रीचा नाही. दुखण्याचे मूळ मूत्राशयात, आतड्यात किंवा हळव्या झालेल्या नसांत असेल, तर पिशवी जाते आणि दुखणे राहते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातली ही गत. शिवाय तिशीतल्या बाईच्या अंगातून जे काढले ते परत घालता येत नाही.

म्हणीत एक दुरुस्ती मात्र करायला हवी. इथे सोमेश्वरीही धूर खराच असतो. मूत्राशयाची जळजळ ही भासाची नसते. ती त्याच मूत्राशयात, त्याच नसांत होत असते. म्हणून 'मूळ सापडले, आता बाकीचे दुखणे विसरा' असेही म्हणून चालत नाही. मूळचा दाह ओसरल्यावरही हळव्या झालेल्या नसा काही काळ हळव्याच राहू शकतात. मूळ दुखण्यावर उपचार हवा आणि नसा शांत होईपर्यंत धीरही हवा.

घरी काय करावे?

डॉक्टर नसलेल्या माणसाने औषधे सांगू नयेत; मीही सांगणार नाही. पण कागद नीट लावण्याचा सल्ला देण्याइतका अधिकार बँकेतल्या नोकरीने मला दिला आहे. ओटीपोटाचा त्रास जुना असेल, तर एकाच कागदावर महिन्याभराच्या तारखा मांडाव्यात. कधी दुखले, पाळी कधी आली, लघवीला किती वेळा जावे लागले, पोट कसे होते, काय खाल्ले, झोप किती झाली, हे रोज एका ओळीत लिहावे. कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी हाच कागद पुढे ठेवावा. मूत्ररोगतज्ज्ञांना पाळीबद्दल सांगण्यात संकोच नको आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना पोटाबद्दल सांगणे म्हणजे विषयांतर नव्हे. तीन फायली असतील, तर त्या एका पिशवीत घालून न्याव्यात.

लघवीतून किंवा शौचावाटे रक्त जाणे, ताप, विनाकारण वजन उतरणे, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसणे, अचानक आलेली असह्य कळ, यांपैकी काही असेल तर मात्र महिनाभराचा कागद करत बसू नये; लगेच डॉक्टर गाठावा. शेजारची झळ हा निष्कर्ष, घरातच आग नाही ना हे पाहून झाल्यावरच काढायचा असतो.

आणखी एक अनुभव पुष्कळ घरांत येतो. अशा दुखण्यात डॉक्टर कधी कधी अमिट्रिप्टिलिनसारखी गोळी अगदी लहान मात्रेत देतात. घरातले कोणी तिचे नाव शोधून पाहते आणि सांगते, 'अगं, ही तर डिप्रेशनची गोळी!' मग ती पाकिटासकट कचऱ्यात जाते, आणि बाईच्या मनात पक्के बसते की डॉक्टरांनीही आपल्याला वेडे ठरवले. हे औषध १९६०च्या दशकापासून नैराश्यासाठी वापरात आहे, हे खरे. पण लहान मात्रेत ते दिले जाते ते नसांची चिडचिड उतरवण्यासाठी. ही गोष्ट चिठ्ठी लिहितानाच दोन वाक्यांत समजावून सांगितली, तर पुष्कळ गोळ्या कचऱ्यातून वाचतील. ओटीपोटाच्या स्नायूंसाठीची फिजिओथेरपी, मूत्राशयाला हळूहळू पुन्हा सवय लावणे, आतड्याला मानवेल असा आहार, हे उपायही आहेत. ते सावकाश गुण देतात. सावकाश बिघडलेली गोष्ट सावकाशच सुधारते.

या साऱ्या शास्त्राचे माझ्यासारख्या सामान्य माणसाला पटलेले सार इतकेच आहे. रिपोर्ट नॉर्मल येणे म्हणजे त्या एका खोलीत आग सापडली नाही एवढाच अर्थ. धूर नाही असा नव्हे. दुखणे सांगणाऱ्यावर अविश्वास दाखवण्यापूर्वी शेजारचे दार ठोठावून पाहावे.

आणि ते काम डॉक्टरांच्याही आधी घरात सुरू होते. काल पोट, आज लघवी, उद्या कंबर असे सांगणाऱ्या बाईला आपण सहज विचारतो, 'आता कुठे दुखतंय?' हे वाक्य बहुतेक घरांत टोमणा म्हणून उच्चारले जाते. तेच वाक्य, एकही शब्द न बदलता, जवळ बसून, उत्तर ऐकायच्या तयारीने विचारता येते. तसे विचारले, तर निदानाची सुरुवात तिथेच होते.